लग्न शेतात, माणसं मोजकी अन् डोक्यावर कर्ज नाही. गावाकडं साधं लग्न करायचं तर तयारी कशी करावी? वाचा सविस्तर

बीड : कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडं येतात. ज्वारी-हरभरा घरात आलेला असतो, शेतं मोकळी असतात आणि जिल्ह्यात लगीनसराई सुरू होते. आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत रोज कुठं ना कुठं मांडव. एका दिवशी चार-चार लग्नं असली की घरातली माणसं वाटून घ्यावी लागतात. एकानं केजला जायचं, दुसऱ्यानं गेवराईला.

या लग्नांत काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असतो. नवरदेवाची मिरवणूक डीजेपुढं अडकलेली असते. मांडवात माईकवर सत्कार चाललेले असतात. एक पुढारी गेला की दुसरा येतो, फेटे बांधणं काही संपत नाही. चाळीस डिग्री उन्हात म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया हातात अक्षता धरून बसलेल्या. अडीच वाजता लग्न लागतं आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळा मांडव जेवणाकडं पळतो. नवरा-नवरीकडं नीट कुणी बघतसुद्धा नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मांडव उतरला की हिशेब सुरू होतो. मंडपवाला, आचारी, बस्त्याचा दुकानदार, सोनार, बँडवाला. ज्याच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू आहे किंवा जो मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जातो, त्याच्या घरी हा हिशेब पुढची तीन-चार वर्षं चालतो.

म्हणूनच आता बरीच तरुण मुलं-मुली आणि काही आई-बापही विचारायला लागलेत, की लग्न आपल्या शेतात, आपल्या माणसांत, निवांत करता येणार नाही का? करता येतं. पण शेतातलं लग्न म्हणजे आपोआप स्वस्त आणि सोपं, असं समजू नका. कार्यालयात पाणी, संडास, लाईट, सावली आयती मिळते. शेतात ते सगळं आपल्याला उभं करावं लागतं. त्यासाठी काय काय बघावं, ते पुढं क्रमानं दिलं आहे.

साध्या लग्नाची रीत नवी नाही

साधं लग्न हे शहरातलं खूळ आहे, असं गावात कुणीतरी म्हणतंच. पण आपल्याकडं ही रीत दीडशे वर्षांची आहे. महात्मा जोतिराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लावला. नवरदेव सीताराम आल्हाट आणि नवरी राधा निंबणकर. सावित्रीबाई फुले यांचा या लग्नात पुढाकार होता. थोडक्या खर्चात, हुंड्याशिवाय आणि पुरोहिताशिवाय हे लग्न लागलं. आजही महाराष्ट्रात अशी लग्नं होतात.

गावाकडं ‘यादी पे शादी’ हा शब्दही जुनाच आहे. याद्या करायला म्हणून दोन्हीकडची माणसं जमतात आणि तिथंच लग्न उरकून टाकतात. साखरपुड्यातच लग्न लागल्याची उदाहरणं तर प्रत्येक गावात सापडतील. अशा घरांना कुणी नावं ठेवत नाही. उलट ‘बरं केलं’ असंच म्हणतात.

सगळ्यात जवळचं उदाहरण कोरोनाचं. मे २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात २५ माणसं आणि दोन तासांत लग्न, असा नियम झाला. त्या काळात हजारो लग्नं अंगणात, शेतात, वस्तीवर लागली. ते संसार आजही चालू आहेत, लेकरं अंगणवाडीत जातात. हजार माणसं जेवली नाहीत म्हणून कुणाचा संसार अडला नाही.

२०२५ मध्ये पुणे आणि अहिल्यानगर भागात मराठा समाजाच्या बैठका झाल्या. त्यांत लग्नासाठी आचारसंहिता ठरवली गेली. पाहुणे शंभर-दोनशेच बोलवावेत, प्री-वेडिंग आणि डीजे बंद करावा, कर्ज काढून लग्न करू नये, हे त्यातले मुद्दे. बौद्ध पद्धतीचं लग्न आणि मशिदीतला निकाह यांचा मूळ विधी तर थोडक्यातच आटोपतो. खर्च वाढतो तो विधीच्या आजूबाजूच्या गोष्टींनी.

पहिली बैठक दोन घरांची, भावकीची नंतर

सोयरीक जमली की पहिली बैठक मोठी करू नका. नवरा, नवरी, दोघांचे आई-वडील आणि एखादा समजूतदार मामा किंवा चुलता, एवढीच माणसं बसवा. नवरा-नवरीला त्या बैठकीत बोलू द्या. लग्न त्यांचं आहे. पन्नास माणसांपुढं ‘आम्हाला साधं लग्न पाहिजे’ असं मुलगी म्हणू शकत नाही, चार माणसांत म्हणू शकते.

या बैठकीत पाच गोष्टी ठरवा आणि वहीवर लिहून काढा.

१) दोन्ही घरांनी मिळून एकूण खर्च किती करायचा. हा आकडा आधी, बाकी सगळं नंतर.

२) खर्च कुणी किती उचलायचा. सगळा भार मुलीच्या बापावर टाकायची रीत मोडायची असेल तर ती इथंच मोडावी लागते. निम्मा-निम्मा हा सरळ हिशेब आहे.

३) दोन्हीकडची मिळून माणसं किती.

४) मानपान, टॉवेल-टोपी, आहेर ठेवायचा की बंद. बंद करायचं ठरलं तर दोन्हीकडून बंद. एका बाजूनं चालू ठेवलं की दुसऱ्या बाजूला करावंच लागतं.

५) डीजे, फटाके, सत्कार आणि भाषणं याबाबत काय करायचं.

हुंड्याचा विषय या वहीत नको, कारण तो गुन्हा आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे. हुंडा देणं किंवा घेणं यासाठी किमान पाच वर्षं कैद आणि किमान १५ हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, यातला जो जास्त असेल तो दंड आहे. नुसता मागितला तरी सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. ‘आम्ही काही मागत नाही, तुमच्या लेकीला तुम्ही काय द्यायचं ते द्या’ हे गोड बोलणं कशासाठी असतं, ते प्रत्येक मुलीच्या बापाला कळतं. अशा वेळी ‘लेकीचं शिक्षण दिलंय, तेच दिलं’ असं पहिल्याच बैठकीत सांगितलेलं बरं.

आकडा मांडून बघा

साध्या लग्नाचा फायदा बोलून कळत नाही, मांडून कळतो. एक उदाहरण घेऊ. समजा एका ताटाचा खर्च १३० रुपये धरला. आपल्या भागातला दर वेगळा असेल तर तो घाला. १,२०० माणसं जेवली तर १ लाख ५६ हजार रुपये. २५० माणसं जेवली तर ३२ हजार ५०० रुपये. फरक १ लाख २३ हजार ५०० रुपयांचा, तोही फक्त जेवणाचा.

आता हाच फरक सोयाबीनमध्ये मोजा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हा फरक सुमारे २३ क्विंटल सोयाबीनचा झाला. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर जवळपास तीन एकराचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, मळणी यांचा खर्च न धरता. आणि हमीभाव बाजारात मिळतोच असं नाही, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

कर्जाचंही तसंच. गावात खासगीतून महिन्याला तीन टक्क्यांनी दोन लाख उचलले तर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. वर्षाचे ७२ हजार. मुद्दल तिथंच. एका दिवसाच्या मांडवासाठी वर्षभर हे व्याज भरायचं का, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं. बायकांनाही हा हिशेब दाखवा. बऱ्याच घरांत कर्ज किती झालं, हे घरातल्या बाईला शेवटी कळतं.

यादी कमी कशी करायची

सगळ्यात अवघड काम हेच. कुणाला बोलवायचं यापेक्षा कुणाला नाही बोलवायचं, यावरून भांडणं होतात. त्यासाठी माणूस बघून यादी करू नका, नियम ठरवून करा. उदाहरणार्थ, सख्खे चुलते, मामा, आत्या, मावशी आणि त्यांचं घर. नवरा-नवरीचे जवळचे मित्र-मैत्रिणी. शेजारची वस्ती. शिकवलेले गुरुजी-बाई. नियम सगळ्यांना सारखा असला की ‘त्याला बोलावलं, मला नाही’ ही तक्रार कमी होते.

‘चूलबंद’ आवतन म्हणजे घरच्या सगळ्यांना जेवायला. ‘घरटी एक’ म्हणजे एकच माणूस. हे निमंत्रण देतानाच स्पष्ट सांगा. पन्नास घरांना चूलबंद सांगितलं तर घरटी पाच माणसं धरून अडीचशे झालेच.

मग गावाचं काय? गावजेवण करायचीच इच्छा असेल तर ते लग्नापासून वेगळं करा. हळदीच्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं भात-वरण, एक भाजी आणि लापशी अशी साधी पंगत घाला. गाव जेवतं, आशीर्वाद मिळतो आणि लग्नाच्या दिवशी मांडवात फक्त घरची माणसं राहतात. ज्यांना तेवढंही जमत नाही, त्यांनी लग्नानंतर नवरा-नवरीला घेऊन गावात दहा घरी पाया पडायला जावं. म्हाताऱ्या माणसांना पत्रिकेपेक्षा हे जास्त आवडतं.

पत्रिकेचंही तसंच. एका पत्रिकेत साठ-सत्तर नावं, वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली चिल्ल्यापिल्ल्यांची ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. एक नाव राहिलं की वर्षभराचा अबोला. त्यापेक्षा पत्रिकेत फक्त नवरा-नवरी, दोघांचे आई-वडील, वेळ आणि ठिकाण ठेवा. कुणाचंच नाव नाही म्हटल्यावर रुसणार कोण? नोंदणीला लागेल म्हणून थोड्या पत्रिका छापा, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि सोबत शेताचं लोकेशन द्या. जवळच्या माणसांना मात्र फोन करूनच सांगा.

तारीख आणि वेळ

शेतातल्या लग्नाला सगळ्यात चांगला काळ तुळशीच्या लग्नानंतर ते मार्चपर्यंतचा. थंडी असते, विहिरीला पाणी असतं. पण ऊसतोडीच्या घरांना हा काळ जमत नाही, कारण निम्मं घर कारखान्यावर असतं. त्यांना एप्रिल-मे शिवाय पर्याय नाही. मग निदान वेळ तरी बदला. दुपारच्या मुहूर्ताऐवजी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न लावा. साडेसहाला लग्न, आठपर्यंत पंगती, दहाला मांडव शांत. उन्हाचा त्रास नाही आणि जेवणही खराब होत नाही.

एप्रिल-मे मध्ये दुसरी भीती अवकाळीची. दुपारनंतर आभाळ भरून येतं, वावटळ सुटते, गाराही पडतात. म्हणून शेतात लग्न असलं तरी जवळची एखादी पक्की जागा राखून ठेवा. गावचं सभागृह, देवळाचा मंडप किंवा परवानगी घेऊन शाळेची खोली चालते. विजेचा अंदाज बघायला पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत ॲप मोबाईलवर घेऊन ठेवा. वीज कडाडत असेल तर झाडाखाली, लोखंडी खांबाजवळ कुणाला उभं राहू देऊ नका. कार्यक्रम थांबवून सगळ्यांना पक्क्या घरात न्या. मुहूर्त अर्धा तास पुढं गेला तर काही बिघडत नाही.

शेत निवडताना हे बघा

रस्ता : चारचाकी शेतापर्यंत जाते का? वाटेत दुसऱ्याचा बांध असेल तर त्याला आधी विचारा आणि लग्नालाही बोलवा. रस्त्यावरून वाद असलेलं शेत टाळलेलं बरं. गाड्या लावायला वेगळा तुकडा ठेवा. अॅम्ब्युलन्स आत येईल एवढी वाट मोकळी ठेवा आणि १०८ नंबर सगळ्यांना माहीत असू द्या.

जमीन : ढेकळं असतील तर रोटा मारून, पाणी शिंपडून रान दाबून घ्या. धुरळा बसतो. काळ्या रानात अवकाळी झाला तर चिखलात गाड्या रुततात, म्हणून मुरमाड माळ किंवा खळ्याची जागा चांगली.

सावली : आंबा, चिंच, लिंबाच्या सावलीत मांडव छान वाटतो. पण झाडावर आग्या मोहोळ आहे का, ते आठ दिवस आधी बघा. चुलीचा धूर किंवा फटाक्यानं मोहोळ उठलं तर लग्न बाजूला राहतं आणि दवाखाना गाठावा लागतो. मोहोळ असेल तर जागा बदला.

आग : कडब्याची गंजी, वाळलेलं गवत, शेजारचा ऊस यांच्यापासून चूल आणि गॅस लांब ठेवा. दोन बॅरल पाणी आणि वाळू जवळ असावी. फटाके नकोतच.

लाईट : आकडा टाकू नका. शेतातल्या थ्री फेज लाईटचा भरवसा नसतो. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या किंवा जनरेटर आणा. वायर मांडवाच्या लोखंडी खांबाला घासणार नाही, हे वायरमनकडून बघून घ्या. विहिरीला कठडा नसेल तर चारी बाजूंनी दोरी बांधून तिथं एक माणूस उभा करा. लेकरं खेळताना कुठं जातील सांगता येत नाही.

पाणी : २५० माणसांना माणशी चार लिटर पिण्याचं पाणी धरलं तरी हजार लिटर, म्हणजे वीस लिटरचे ५० जार. हात धुणं, भांडी, स्वयंपाक यासाठी टँकर वेगळा. विहिरीचं पाणी स्वयंपाकाला वापरायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारून टीसीएल टाकून घ्या.

संडास : शेतातल्या लग्नात सगळ्यात जास्त हाल बायकांचे होतात आणि यावर कुणी बोलत नाही. नवरीसकट सगळ्या बाया सकाळपासून पाणी कमी पितात. बायकांसाठी आडोसा, पाणी, लाईट असलेले निदान दोन-तीन तात्पुरते संडास उभे करा, किंवा जवळच्या वस्तीवरची सोय आधी ठरवून ठेवा. लहान लेकरांना पाजायला आणि नवरीला कपडे बदलायला एक बंद खोली पाहिजे. एवढं जमत नसेल तर शेतातलं लग्न करू नका. अंगणात करा.

जेवण थोडं, पण ताजं

चाळीस पदार्थांचा बुफे मांडला तरी माणूस खातो चार पदार्थ, बाकीचं उकिरड्यावर जातं. त्यापेक्षा वांग्याची भाजी, पुरी किंवा भाकरी, वरण-भात, बुंदी किंवा लापशी, कांदा-लिंबू आणि थंडगार मठ्ठा एवढं ठेवा. सगळं आपल्या भागातलं आणि गरमगरम. ज्वारी, हरभरा डाळ, वांगी, मिरची घरची असेल तर किराणाही कमी होतो.

उन्हाळ्यात खवा, बासुंदी, रबडी, रसमलाई टाळा. दुधाचे पदार्थ उन्हात लवकर नासतात आणि मग पाहुण्यांना जुलाब-उलट्या होतात. शिजवलेलं चार तासांच्या आत वाढून संपवा. सकाळचं उरलेलं संध्याकाळी देऊ नका.

पंगत बसवली तर अन्न कमी वाया जातं, कारण वाढणारा विचारून वाढतो. वाढायला गावातली पोरं आणि नवरदेवाचे मित्र घ्या. उरलेलं ताजं अन्न शेजारच्या वस्तीवर, पालावर लगेच पाठवायची सोय आधीच लावून ठेवा. प्लास्टिकच्या प्लेटा शेतात नकोत. वाऱ्यानं उडतात आणि जनावरं खातात. पत्रावळी किंवा भाड्याची स्टीलची ताटं वापरा.

लग्न आपलं वाटलं पाहिजे

साधं म्हणजे कोरडं नव्हे. आपल्या जुन्या रीतींत पैसे न लागणाऱ्या कितीतरी गोष्टी आहेत. मांडवडहाळे घ्या. बैलगाडीतून आंबा-जांभळाच्या हिरव्या डहाळ्या वाजत-गाजत आणायच्या आणि मांडव सजवायचा. केळीचे खांब, झेंडूची तोरणं. हळद घरच्या जात्यावर दळायची. आजीला, आत्याला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या म्हणू द्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती म्हातारी माणसं गेली की त्या ओव्याही जातील. प्री-वेडिंगच्या व्हिडिओपेक्षा हे रेकॉर्डिंग वीस वर्षांनी जास्त मोलाचं वाटेल.

डीजेच्या जागी हलगी, संबळ, सनई असं गावातल्याच कलाकारांचं वाजप ठेवा. त्यांनाही चार पैसे मिळतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे आणि दिवसाही परवानगी लागते, तेव्हा पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या.

तांदळाच्या अक्षता पायाखाली तुडवण्यापेक्षा झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या वापरा. सत्कार पूर्ण बंद ठेवा. माईकवर बोलायचंच असेल तर नवरीच्या आणि नवरदेवाच्या घरून एकेकानं दोन मिनिटं बोलावं. नवरा-नवरीनं एकमेकांना काय शब्द द्यायचा, तो स्वतःच्या भाषेत लिहून सगळ्यांसमोर वाचावा. शेवटी दोघांनी मिळून बांधावर एक आंबा किंवा सीताफळ लावावं. बालाघाटाच्या डोंगररांगेतलं सीताफळ तसंही आपल्या जिल्ह्याची ओळख आहे आणि त्याला पाणीही कमी लागतं.

वय पूर्ण नसेल तर लग्नच नाही

साध्या लग्नाच्या नावाखाली एक गोष्ट मात्र अजिबात होऊ नये. कमी माणसांत, रातोरात, गुपचूप लावलेलं लग्न पुष्कळदा बालविवाह असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) आकड्यानुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांचं लग्न १८ वर्षांआधी झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के आहे. म्हणजे आपण राज्याच्या दुप्पट.

यामागं कारणंही आहेत. आई-बाप सहा महिने उसाच्या फडावर, वयात आलेली लेक कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजी खोटी नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून पोराचं लग्न झालं की उचल मिळते, हेही खरं. आणि ‘स्वस्तात होतंय तर उरकून टाकू’ हा विचार तर असतोच. पण सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न दहा माणसांत केलं काय आणि हजारांत केलं काय, तिची शाळा सुटते आणि अंगात ताकद नसताना बाळंतपण येतं.

कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण पाहिजे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ प्रमाणे असं लग्न करणारा सज्ञान नवरदेव, लावणारे आणि होऊ देणारे आई-वडील यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना या कायद्यात कैद नाही, पण दंड आहे. लग्नात सहभागी होणारेही अडचणीत येऊ शकतात. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. असं लग्न ठरतंय असं कळलं तर त्यांना सांगा किंवा १०९८ वर फोन करा. मुलीनं स्वतः फोन केला तरी चालतो. तारीख धरण्याआधी दोघांचा शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन वय मोजायचं, हे साध्या लग्नाचं पहिलं काम.

नोंदणी विसरू नका

फोटो काढायला दोन दिवस आणि नोंदणीला वेळ नाही, असं होऊ नये. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार प्रत्येक लग्नाची नोंदणी करायची असते, लग्न कुठल्याही पद्धतीनं लागलेलं असो. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं होते. लग्नापासून ९० दिवसांच्या आत अर्ज द्यावा. उशीर झाला तर जादा शुल्क पडतं. नवरा-नवरी आणि तीन साक्षीदार लागतात. वयाचा व रहिवासाचा पुरावा, फोटो आणि लग्नपत्रिका सोबत ठेवा. पुढं रेशन कार्डावर नाव, पासपोर्ट, वारसा, विम्याचे पैसे या सगळ्यांत हा कागद कामाला येतो. बाईसाठी तर तो जास्तच महत्त्वाचा, कारण वेळ आली तर लग्न झालं होतं हे तिलाच सिद्ध करावं लागतं.

ज्यांना विधीच नको, त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा १९५४ आहे. दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस जिल्ह्यात राहिलेला असावा. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ३० दिवसांनी तीन साक्षीदारांसमोर सही करायची. नंतर शेतात घरच्यांची पंगत बसवली की झालं. वेगळ्या धर्मातल्या जोडप्यांनाही हा रस्ता मोकळा आहे.

शेतकरी, शेतमजूर यांच्या मुलींसाठी राज्याची शुभमंगल सामूहिक विवाह योजनाही आहे. त्यात जोडप्यामागं २५ हजार रुपये अनुदान आहे आणि नोंदणी पद्धतीनं लग्न करणाऱ्यांनाही लाभ घेता येतो. अटी आणि कागदपत्रं जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात लग्नाआधीच विचारून घ्या.

भावकी काय म्हणेल?

शेवटी अडतं ते इथंच. ‘एकुलती एक लेक अन् असं लग्न?’ ‘पैसे नव्हते का?’ असं बोलणारे असतातच. पण बोलणारी माणसं हप्ता भरायला येत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका. ‘पोरांची इच्छा होती’ एवढंच सांगा आणि चहा पाजा.

यात एक गोष्ट कामाला येते. ज्यांच्याकडं पैसा आहे, त्यांनी आधी साधं लग्न करावं. सरपंच, गुरुजी, नोकरदार, बागायतदार यांच्या घरचं लग्न शेतात दोनशे माणसांत झालं की गरिबाला तोंड वर करून तसंच करता येतं. गरिबानं केलं तर ‘ऐपत नाही’ म्हणतात, मोठ्यानं केलं की तीच रीत होते.

वाचलेल्या पैशाचं काय करायचं, हेही त्याच वहीत लिहा. बोअरची मोटर, एक दुभती म्हैस, लेकीच्या नावावर ठेव किंवा तिचं राहिलेलं शिक्षण. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरवताना ज्याच्या दारात देणेकरी उभा नसतो, त्या बापाला लेक सासरी गेल्याचं दुःख तरी नीट करता येतं.